खातं मावशीचं, नंबर दादाचा

नोव्हेंबर लागला की आपल्याकडच्या निवृत्त माणसांना एका कागदाची काळजी लागते. हयातीचा दाखला. आपण आहोत, अजून जिवंत आहोत, हे वर्षातून एकदा बँकेत जाऊन सही करून सांगायचं. नाहीतर पेन्शन थांबतं. ठाण्यात त्या दिवसांत सकाळी कुठल्याही बँकेत जा, काठ्या टेकवत आलेली, पिशवीत जुनं पासबुक घेऊन बसलेली माणसं दिसतील. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ नावाची डिजिटल सोय आहे. वयामुळे ज्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत त्यांच्यासाठी २०२१च्या नोव्हेंबरात चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोयही आली. त्यामुळे हे काम आता फोनवरून होतं, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. नेमकं कसं होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. फसवणारे याच जागी दबा धरून बसतात.

माझ्या मावशीला मेल आला तो अशाच नोव्हेंबरात. ती नौपाड्यात राहायची, तिथल्याच एका शाळेत मराठी शिकवायची. आता तिची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली आहे आणि ती वर्तकनगरला भाड्याच्या घरात असते. मेलची भाषा अस्सल सरकारी होती. ‘आपला हयातीचा दाखला अद्याप प्राप्त झालेला नाही. तरी त्वरित पडताळणी करावी, अन्यथा निवृत्तिवेतन स्थगित करण्यात येईल.’ एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नाही. खाली लिंक, लिंकच्या पानावर बोधचिन्ह, आणि ‘आपल्या ईमेल खात्याने साइन इन करा’ अशी सूचना. तिने पासवर्ड टाकला. फोनवर सहा आकडी कोड आला, तोही टाकला. पानावर ‘पडताळणी पूर्ण’ असं आलं. तिने फोन बाजूला ठेवला आणि स्वयंपाकाला लागली.

हे कळल्यावर घरात पहिला शब्द जो उमटला तो ‘शिकलेली असून’ हा. ‘शिकलेली असून असं कसं केलंस?’ मला या वाक्याचा मनापासून राग येतो. वर्षानुवर्षं लोकांना सांगितलं गेलं की खोटा मेल ओळखायचा तर भाषा बघा, चुका असतील, वाक्यं तुटकी असतील. ज्या बाईने आयुष्यभर वह्या तपासल्या, तिने तेच केलं. भाषा तपासली आणि ती बरोबर निघाली. आता मशिनं शुद्ध मराठी लिहितात, तेव्हा ती जुनी खूण गेली. शिवाय दाखल्याची मुदत खरी होती, पेन्शन थांबण्याची भीती खरी होती, आणि आपलं काम वेळेत करायची तिची सवय तर चांगलीच होती. त्या मेलमध्ये खोटा होता तो फक्त पाठवणारा.

आणि तो कोड? ‘ओटीपी कुणाला सांगायचा नाही’ हे तिला पाठ आहे. तिने कुणाला सांगितला नव्हता, पानावर भरला होता. अशा बनावट पानामागे माणूस किंवा प्रोग्रॅम बसलेला असतो. आपण पासवर्ड टाकतो त्याच क्षणी तो खऱ्या पानावर टाकला जातो, खरं पान खरा कोड पाठवतं, तो कोडही आपण खोट्या पानावर लिहितो आणि तो काही सेकंदांत खऱ्या पानावर पोचतो. म्हणून कोड खरा असतो, पाठवणारी कंपनी खरी असते, आणि तरीही दार चोरासाठी उघडतं.

संध्याकाळी नाशिकहून तिच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. ‘बाई, तुम्ही बऱ्या आहात ना?’ त्याला तिच्या नावाने मेल गेला होता: नातेवाइकाचं ऑपरेशन आहे, तातडीने पैसे हवेत, मी आयसीयूबाहेर आहे, फोन करू नकोस. त्याला संशय आला तो पहिल्याच ओळीवरून. मेलची सुरुवात ‘प्रिय’ने होती. बाई आजही विद्यार्थ्यांना ‘चि.’ लिहितात आणि शेवटी ‘अनेक आशीर्वाद’. चोराच्या हाती तिचे सगळे जुने मेल होते, पण ते वाचायला तो थांबला नव्हता.

डोंबिवलीच्या एका मुलीने मात्र पैसे पाठवले होते. बाईंनी मागितले आणि आपण विचारत बसलो, हे तिला बरं वाटलं नसतं. मला तिच्यातही चूक दिसत नाही. नाशिकच्या मुलाने सगळ्यांना कळवल्यावर तिने लगेच १९३० लावला. सायबर फसवणुकीची ही देशभराची हेल्पलाइन. २०२१ साली ती सुरू झाली तेव्हा नंबर १५५२६० होता, पुढे तो बदलून १९३० झाला. तिथे व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक विचारतात, कोणत्या खात्यातून किती वाजता गेले ते विचारतात, आणि पैसा ज्या ज्या खात्यात पुढे सरकला असेल तिथल्या बँकांना तो अडवायला सांगतात. चोर पैसा एका खात्यात ठेवत नाहीत, म्हणून हा सगळा खेळ मिनिटांचा असतो. तिच्या रकमेतला काही भाग अडकवता आला, बाकीचा गेला. मावशी तिला पैसे द्यायला निघाली होती. मुलीने घेतले नाहीत आणि दोघी फोनवर रडल्या.

मावशीनेही तक्रार केली, आधी राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर आणि मग पोलीस ठाण्यात. दुसऱ्याची ओळख आणि पासवर्ड वापरणं, आणि संगणकाच्या आधाराने तोतयेगिरी करून फसवणं, यांसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६सी आणि ६६डी अशी दोन कलमं आहेत, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तक्रार घेणाऱ्या महिला पोलिसाने तिला आधी पाणी दिलं, बसवलं, मग विचारलं. त्या बाईंचे आभार मला इथे मानायचे आहेत. ‘कशाला क्लिक केलंत’ असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

इथपर्यंत पैशाचं झालं. खातं अजून चोराकडेच होतं.

त्या खात्यात काय होतं हे सांगितलं पाहिजे, नाहीतर एवढी धडपड कशासाठी ते कळणार नाही. बिल्डरबरोबरचा करार त्यात होता, दर महिन्याच्या भाड्याच्या पावत्या होत्या, सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं होती. नौपाड्याचं घर आता जमिनीवर नाही. नवं घर होईपर्यंत ते जे काही आहे ते या कागदांमध्ये आहे. शिवाय काकांचे शेवटच्या वर्षातले फोटो, आणि अमेरिकेपासून अंबरनाथपर्यंत पसरलेल्या विद्यार्थ्यांची पत्रं.

तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या मावसभावाने, बेंगळुरूहून रात्रभर प्रयत्न केले. दादाला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, हे आमच्या घरात गृहीतच असतं, आणि ते खरंही आहे. हे जीमेलचं खातं त्यानेच काढून दिलं होतं, इंजिनिअरिंगला असताना, स्वतःच्या लॅपटॉपवर. रिकव्हरीला, म्हणजे खातं अडकलं तर परत मिळवण्यासाठी, नंबर लावला होता त्याचा स्वतःचा, तेव्हाचा, आणि मेल त्याच्या कॉलेजचा. त्या सिमला त्याने केव्हाच रामराम ठोकला आहे. कॉलेजचा मेल कॉलेजबरोबर संपला. आपल्याकडे बंद झालेला मोबाइल नंबर किमान ९० दिवस बाजूला ठेवतात आणि मग दुसऱ्या ग्राहकाला देतात, असं ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. म्हणजे आमच्या मावशीच्या खात्याचा एक कोड इतकी वर्षं कुणा तिऱ्हाइताच्या खिशात जाण्याच्या तयारीत होता.

दुसऱ्या पायरीचा, म्हणजे पासवर्डनंतर ज्यावर कोड येतो तो नंबर मावशीचा होता, तो अलीकडे नवा फोन घेताना लागला होता. चोराने तो काढला होता, तरी खातं सोडवायचे कोड अजून त्यावर येत होते. दादा बेंगळुरूहून कोड मागवायचा, मावशी इथून फोनवर आकडे वाचून दाखवायची, तोवर वेळ संपायची किंवा पान सांगायचं की हे खातं तुमचंच आहे याची खात्री पटत नाही. दादा चिडला. त्याला सगळी उत्तरं येत होती तरी नकार येत होता.

मला मात्र तो नकार पटला. मशिनच्या बाजूने विचार करून बघा. ठाण्यातल्या एका बाईचं खातं आहे. रात्री दोन वाजता, दुसऱ्या शहरातून, कधी न पाहिलेल्या लॅपटॉपवरून कुणीतरी म्हणतंय की मी तीच आहे, मला आत घ्या. तिची जन्मतारीख त्याला माहीत आहे, तिचे जुने पासवर्ड माहीत आहेत, तिच्या फोनवर आलेला कोडही त्याच्याकडे पोचतोय. नेमकं असंच तर चोराने केलं होतं! आईसाठी रात्र जागवणारा मुलगा आणि आईला लुटणारा चोर यांच्यात मशिनला काहीही फरक दिसत नाही. मशिनला ओळखता येतो तो तिचा फोन, तिचं घर आणि तिचा हात.

त्या रात्री आणखी एक धोका अगदी जवळून गेला. दादाने इंटरनेटवर ‘अकाउंट रिकव्हरी हेल्पलाइन’ शोधलं तर मदत करणाऱ्यांची रांगच लागली. एकाने लगेच फी सांगितली आणि दूरून फोन चालवता येईल असं अ‍ॅप टाकायला सांगितलं. दादाने तिथेच फोन ठेवला. खातं किंवा पासवर्ड सोडवून देतो म्हणणाऱ्या कुठल्याही सेवेशी गूगलचा संबंध नसतो, हे गूगल स्वतः मदतीच्या पानावर लिहितं. एकदा फसलेला माणूस घाबरलेला असतो, घाईत असतो, आणि त्याला कुणीतरी आधाराला हवं असतं. त्याच्याभोवती दुसरी टोळी जमते.

सकाळी मी वर्तकनगरला गेले. गूगलच्या सूचना सरळ आहेत: नेहमीच्याच फोनवरून, नेहमीच्याच ब्राउझरमधून, नेहमीच्या जागी बसून करा, शेवटचा जेवढा आठवतो तो पासवर्ड द्या, एखादं उत्तर नक्की आठवत नसेल तरी प्रश्न सोडू नका, अंदाज चुकला म्हणून बाहेर काढत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चोराने नंबर बदलला तरी आधीचा नंबर सात दिवसांपर्यंत चालू शकतो. हे सात दिवस फार मोलाचे. लाजेपायी कुणाला न सांगता गप्प बसणारी माणसं हेच दिवस घालवतात, म्हणून ‘शिकलेली असून’चा मला एवढा राग.

मी फोन हातात घेतला नाही. हे ठरवून केलं. मावशी खुर्चीत बसली, तिची वही काढली. हो, ती पासवर्ड वहीत लिहिते, आणि त्यावरून तिला भरपूर ऐकून घ्यावं लागलेलं आहे. त्या सकाळी त्याच वहीने आम्हाला तारलं. शेवटचा पासवर्ड अक्षरन् अक्षर बरोबर लिहिलेला होता. मला विचाराल तर सत्तरीच्या माणसाने घरातल्या कपाटात, रेशनकार्डाच्या शेजारी वही ठेवण्यात काही गैर नाही. तिचं खातं चोरणारा माणूस वर्तकनगरच्या कपाटापर्यंत येणार नव्हता. सगळीकडे एकच सोपा पासवर्ड ठेवण्यापेक्षा वेगवेगळे ठेवून लिहून काढणं कितीतरी बरं.

तिने पासवर्ड टाकला. कोड तिच्याच हातातल्या फोनवर आला, तिनेच वाचला, तिनेच टाकला. मग पुढचे प्रश्न. तिची टाइप करायची गती संथ आहे, माझे हात शिवशिवत होते. पण पानाने वाट पाहिली आणि खातं उघडलं.

उघडलं म्हणजे परत मिळालं, असं मात्र नाही. बहुतेक जण इथे सुटकेचा श्वास सोडतात आणि चहा ठेवतात. चोर आत असताना त्याने काय काय करून ठेवलंय ते शोधायला आमची सगळी दुपार गेली. पासवर्ड आधी बदलला. लॉग-इन असलेली उपकरणं पाहिली, अनोळखी होती ती काढली. रिकव्हरीला चोराने लावलेला नंबर होता, तो काढला. मग सेटिंगमध्ये फिल्टर पाहिले, आणि तिथे सापडलं: विद्यार्थ्यांकडून येणारी उत्तरं परस्पर कचऱ्यात टाकणारा एक नियम चोराने लिहून ठेवला होता. दिवसभर तिचा फोन शांत का होता, ते तेव्हा कळलं. ‘बाई, काय झालं?’, ‘बाई, कुठल्या हॉस्पिटलमध्ये?’ असे मेल येत होते आणि तिच्यापर्यंत पोचायच्या आधी गडप होत होते. मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याची सोयही त्याने लावून ठेवली होती. ती तशीच राहिली असती तर पासवर्ड बदलूनही पुढचा प्रत्येक मेल, बँकेचा, बिल्डरचा, त्याला वाचता आला असता. म्हणून पासवर्डइतकंच फिल्टर आणि फॉरवर्डिंग बघणं गरजेचं आहे, हे मला ठासून सांगायचं आहे.

कचऱ्यातले मेल ३० दिवस राहतात, त्यामुळे ते सगळे परत काढता आले. मावशी एकेक उघडून वाचत बसली. कितीतरी मुलांनी आधी तब्येत विचारली होती, पैशाचं मागाहून.

बँकेला त्याच दिवशी कळवलं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७पासूनच्या नियमाप्रमाणे ग्राहकाकडून माहिती गेलेली असली तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं असतं, म्हणून कळवण्याची वेळ लेखी हवी. सुदैवाने तिच्या बँक खात्याला हात लागला नव्हता.

मग पासकी लावली, म्हणजे पासवर्डऐवजी फोनचं कुलूप उघडून खात्यात जायची सोय. २०२३च्या ऑक्टोबरपासून गूगल ती आपणहून सुचवतं. तिचा मोठा गुण असा की ती खऱ्या संकेतस्थळाला बांधलेली असते. पान हुबेहूब असलं आणि माणूस पूर्ण फसला तरी खोट्या पत्त्यावर ती चालतच नाही. मावशीचं बोट पटकन ओळखलं जात नाही, खडूने आणि भांड्यांनी ठसे पुसट झालेत; पण फोनच्या पिननेही पासकी चालते. शेवटी बॅकअप कोड काढले, आठ आकडी दहा कोड, ते तिने आपल्या सुरेख अक्षरात वहीत उतरवले.

हे सगळं करताना मला राहून राहून आपल्या घरोघरी ऐकू येणारं एक वाक्य आठवत होतं: ‘आण इकडे, मी करून देतो.’ वडील फोन घेऊन येतात, काहीतरी अडलेलं असतं, आणि आपण त्यांच्या हातातून फोन घेतो. दोन मिनिटांत काम होतं. त्यात माया असते, वेळही वाचतो. पण त्या दोन मिनिटांत नंबर आपला लागतो, मेल आपला लागतो, पासवर्ड आपण ठेवतो, आणि त्यांना फक्त उघडलेलं पान परत मिळतं. पेन्शन त्यांचं, घराचे कागद त्यांचे, आणि ‘तुम्ही कोण’ या प्रश्नाचं उत्तर मात्र बेंगळुरूत, पुण्यात नाहीतर टोरोंटोत. आपल्या आईवडिलांच्या पिढीतली कितीतरी माणसं अशी दुसऱ्याने काढून दिलेल्या खात्यांमध्ये राहतात, भाडेकरूसारखी. मदत करायचीच तर शेजारी बसून करावी, त्यांच्या हाताने, त्यांच्या गतीने, आणि खात्यावर पहिला नंबर त्यांचा असावा. दोन मिनिटांचं काम तासभर चालेल. चालू द्यावं.

दादाला हे मी सांगितलं तेव्हा तो आधी गप्प झाला, मग म्हणाला, ‘आईला माझी गरज लागू नये असं म्हणतेस का?’ नाही, अजिबात नाही. तो पुढच्या महिन्यात आला तेव्हा दोघं मायलेक शेजारी बसले होते आणि मावशी त्याला फिल्टर कुठे असतात ते दाखवत होती.

तलावपाळीला संध्याकाळी निवृत्त मंडळींचा एक कट्टा जमतो, मावशीही त्यात असते. झालेलं सगळं तिने तिथे स्वतः सांगितलं, काही न लपवता. मला तिचा अभिमान वाटला तो त्या वेळी. तिने सांगितल्यावर बाकीचे बोलू लागले. एकांना वाहतुकीच्या दंडाच्या चलनाच्या नावाने फाइल आली होती, एकांना आज रात्री वीज कापणार असा मेसेज. कुणी घरी बोललं नव्हतं. मग मावशीने प्रत्येकाला आपापल्या खात्यात रिकव्हरीला कुणाचा नंबर आहे ते बघायला लावलं. मुलाचा निघाला, सुनेचा निघाला, एकांचा तर ज्या दुकानातून फोन घेतला त्या दुकानदाराचा.

कट्ट्यावरच्या एका काकांच्या खात्याला त्यांच्या पत्नीचा नंबर होता. काकू जाऊन काही वर्षं झाली. ‘तो काढू नका,’ काका म्हणाले. मावशीने विचारलं, सिम कुठे आहे? ते काकूंच्या जुन्या फोनमध्ये होतं, घरी, काका तो रोज चार्ज करतात आणि नंबर जाऊ नये म्हणून नेमाने रिचार्जही करतात. ‘मग तो चालू नंबर आहे,’ मावशी म्हणाली, ‘काढायचं काही कारण नाही. दुसऱ्या पायरीच्या कोडला वहिनींचा राहू दे, तिथे एकाहून जास्त नंबर चालतात. रिकव्हरीला तुमचा घाला.’

काका चष्मा पुसून टाइप करू लागले. दोन आकडे उलटसुलट झाले, खोडले, पुन्हा चुकले. शेजारच्या गृहस्थांनी सवयीने हात पुढे केला, ‘आणा इकडे...’

‘थांबा हो,’ मावशी म्हणाली, ‘त्यांना करू द्या.’